उसनं नाक

"डोळे मिटा. चोरून बघायचं नाय."

मी डोळे मिटले. सुमननं माझ्या नाकाखाली मूठ धरली. संध्याकाळची वेळ, दुकान नुकतंच बंद केलेलं, आम्ही दोघं नवराबायको पायरीवर बसलेलो.

"सांगा."

"लवंग."

"हे?"

"दालचिनी."

"आणि हे?"

मी दोनदा वास घेतला. "तमालपत्र. थोडं दगडफूल पण."

"नापास," ती म्हणाली. "मूठ रिकामी हाय."

मी डोळे उघडले. खरंच रिकामी होती. मी म्हणालो, "तुझा हात रिकामा कधी असतो का? चाळीस वर्षं मसाल्यात हाय तो. कुठलाही वास सांगितला तरी मी पास." ती पदर तोंडाला लावून हसली, आणि भाकरी टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कळवणला लेकीकडं गेली. तिथं पाचव्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. हृदय थांबलं म्हणाले. आता चौथा महिना चालू आहे.

अंक काढणारे एक मास्तर आमचं जुनं गिऱ्हाईक. ते म्हणाले, भाऊ, धंद्यातले अनुभव लिहा, मन रमेल. मी चौथी शिकलेला माणूस. मन रमवायला कुणी लिहितं का, मला माहीत नाही. पण माझ्या धंद्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट झाली, ती माझ्या नाकाची. ती नीट सांगायची तर सुमनचं नाव घ्यावं लागतं, आणि ते मी आजवर गिऱ्हाइकांसमोर कधी घेतलं नाही. म्हणून लिहितो.

नाशिकला अंबडच्या रस्त्याला माझा डंक आहे. डंक म्हणजे मसाला कांडायचं यंत्र. लोखंडाच्या उखळी ओळीनं, वरून मोटरवर मुसळं पडतात. गिरणी दळते, डंक कुटतो. दळली की मिरची तापते आणि रंग जातो, कुटली की राहतो. होळी झाली की बायका वर्षाचा मसाला करायला येतात ते आखाडाच्या तोंडापर्यंत. आपली मिरची उखळीत पडली की बाई जागची हलत नाही. आधीच्या बाईचं आपल्यात मिसळेल, नाहीतर आपलं डंकवाल्याच्या डब्यात जाईल, ही भीती. एक शाळेतल्या बाई तर ब्रश घेऊन येतात आणि उखळीतला कण न् कण झाडून नेतात. मी एकदा म्हणालो, "बाई, लोखंड पण घासून नेता का?" त्या म्हणाल्या, "लोखंड दर वर्षी येतंच की तुमच्या मसाल्यात." असं गिऱ्हाईक असलं की धंद्याला चव असते.

पण कुटणं हे सोपं काम. खरं काम भाजण्याचं. आता सगळे फ्लॅटमध्ये राहतात. घरात मिरची-मसाला भाजला तर वरचे खालचे भांडायला येतात. म्हणून भाजायलाही आमच्याकडंच देतात. आपल्याकडचा काळा मसाला म्हणजे धने, खोबरं, तीळ, खसखस, वाळवलेला कांदा आणि वरचा खडा मसाला. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा आणि ज्याच्या त्याच्या वेळेला उतरवायचा. ही वेळ डोळ्याला कळत नाही. ट्यूबच्या उजेडात खोबरं लाल दिसतं तेव्हा ते कच्चंही असतं आणि कधी जळालेलंही. वेळ कळते ती वासाला. धन्याचा कच्चा वास जाऊन गोड वास येतो, तिथं उतरवायचं. दगडफुलाला तर तुम्हाला मान वळवायचीही सवड नाही. चार पळं उशीर झाला की सगळा मसाला कडू.

लोकांना वाटतं मिरचीची सवय होत असेल. नाही होत. नाक सवय करून घेत नाही, नाक संप करतं. माझ्या नाकानं चाळिशीतच संप केला. सकाळी उठलो की पंचवीस-तीस शिंका. दिवसभर पाणी. कपाळात आणि गालाच्या हाडात असं दुखायचं की वाटायचं आत कुणी पाचर मारलीय. मग नाक बंदच पडलं आणि वास गेला. एकदम नाही गेला. घरातलं माणूस रोज थोडं कमी बोलायला लागावं तसा गेला.

मेडिकलवाल्यानं थेंब दिले. दोन मिनिटांत नाक मोकळं. मला वाटलं देव भेटला. दोन तासांनी पुन्हा बंद, मग पुन्हा थेंब. पुढं पुढं खिशात एक बाटली, गल्ल्यात एक, उशाखाली एक. दारू सुटेल पण ते थेंब सुटेनात. ते थेंब चार-पाच दिवसांच्या वर टाकायचे नसतात, त्यानंच नाक आणखी सुजतं, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

वास गेला तरी धंदा चालू राहिला, कारण नाक सुमनचं होतं. ती माझ्या मागं मिरच्यांची देठं खुडत बसायची. वेळ झाली की खोकायची. तो खोकला ऐकला की मी कढई उतरवायचो. मिरचीच्या दुकानात खोकल्याकडं कोण लक्ष देतंय? बायका म्हणायच्या, "भाऊंच्या हातचं भाजणं म्हणजे काय!" आणि मी मान डोलवायचो. तोंडानं "उतरवा" म्हणाली असती तर सोपं होतं तिला. पण चारचौघांत माझं उणं दिसू नये म्हणून तिनं खोकला काढला. घसा दुखेपर्यंत खोकायची.

आमची एकुलती एक लेक जोती. कळवणला दिली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण आमचं घर डंकाच्या वर. मिरचीच्या घरात बाळंतीण आणि तान्हं कसं ठेवणार? व्याही भले, ते म्हणाले इकडंच होऊ द्या, आईला महिनाभर पाठवा. ऐन हंगाम होता. सुमन गेली. मी म्हणालो, मी बघतो.

दुसऱ्याच दिवशी चांदवडहून एक कुटुंब आलं. मुलीचं लग्न, दोन पोती माल. घरचीच वाळवलेली मिरची, घरचाच कांदा. मी सगळं भाजलं, मागं बघितलं नाही, कारण मागं खोकायला कुणी नव्हतं. मुलीची आई समोर उभी. ती म्हणाली, "भाऊ, करपलं का वो?" मी म्हणालो, "तुम्हाला मिरचीचा ठसका लागलाय." तिचं नाक खरं बोलत होतं, आणि मी तिलाच खोटं पाडलं. कुटला, बांधला, दिला. चौथ्या दिवशी ती पिशवी घेऊन परत आली. भांडली नाही. चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "तुमच्याच जिभेला विचारा." कडूजहर. मी माझा माल घालून सगळा मसाला नव्यानं करून द्यायचं कबूल केलं. पण करणार कुणाच्या नाकानं? मी कळवणला फोन लावला. नात चार दिवसांची होती. तिची पाचवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सुमन एसटीनं परत आली. पिशवी ठेवली आणि देठं खुडायला बसली. त्यानंतर सतरा वर्षं ती आठ दिवस सलग कुठं गेली नाही. जत्रा नाही, भावाकडं नाही, लेकीकडं नाही. गेली तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

त्याच वर्षी मी डॉक्टरला दाखवलं होतं. त्यांनी नाकात मारायचा फवारा लिहून दिला. मेडिकलवाला म्हणाला, "ह्यात स्टिरॉइड असतं बरं का." मी तिथंच चिठ्ठी चुरगाळली. आमच्या शेजारचा एकजण दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या खायचा, मनानंच, बिनडॉक्टरी. त्याचं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं. मी म्हणालो, आपल्याला नको असलं. एका शब्दाला भ्यालो आणि बायकोला सतरा वर्षं बांधून ठेवलं. हे असंच आहे, ह्याला गोड करून सांगता येत नाही.

मग दोन वर्षांपूर्वी एक सकाळ आली. शेगडीचा कॉक रात्रीपासून थोडा उघडा राहिलेला. मी खाली आलो, शटर अर्धं उघडलं, खिशातून काडेपेटी काढली. सुमन जिन्यावरून आली ती ओरडतच. तिनं माझ्या हातावर फटका मारला, काडेपेटी लांब पडली. शटर वर केलं, कॉक बंद केला आणि रस्त्यावर जाऊन बसली. मी जवळ गेलो.

"गॅस कोंडलाय अन् तुम्हाला पत्ता नाय," ती म्हणाली.

"आता नीट बघत जाईन."

"बघून कळतो का गॅस?" मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला तुमचं नाक होऊन राहायचा कंटाळा आलाय. मी एक दिवस मागं वळून बघितलं नाय तर तुम्ही मराल. असं कसं जगायचं माणसानं?"

अडतीस वर्षांत ती मला असं पहिल्यांदा बोलली. त्याच दिवशी मी तिच्याबरोबर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडं गेलो.

डॉक्टरीणबाई आमच्या जोतीपेक्षा लहान. नाकात बारीक कॅमेरा घातला आणि पडद्यावर दाखवलं. मी म्हणालो, "ही द्राक्षं कुणाची?"

"तुमचीच, काका. मांसाचे मणी आहेत. वर्षानुवर्षं नाक सुजून राहिलं की धरतात कधीकधी."

"मग छाटणी?"

"आधी फवारणी करून बघू. नाही जमलं तर छाटणी."

नाशिकच्या माणसाला ह्याहून वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तरी मी विचारलं, "त्यात स्टिरॉइड हाय का?"

"आहे."

"मग नको."

"तुम्ही लिहा, बाई," सुमन म्हणाली. "ह्यांचं ऐकू नका."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गोळी म्हणजे अख्ख्या वावरात पाणी सोडणं. सगळीकडं जातं, नको तिथं पण. हे ठिबक आहे. जिथं पाहिजे तिथं, थेंबभर. अंगात फार थोडं जातं. पण रोज मारायचं, शिंक असो नसो. आणि आज मारलं की आज मोकळं, असं होत नाही. पंधरा दिवस तरी धीर धरा, वासाला आणखी लागतील. कधी रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नका, जास्त आलं तर या. ते दुसरे थेंब मात्र आजपासून बंद. आणि काम करताना तोंडानाकाला मास्क."

थेंब सोडताना पहिला आठवडा नरक होता. रात्र रात्र तोंडानं श्वास. मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, मग फवारा. तीन आठवडे केलं, काही फरक नाही. मी म्हणालो, बंद करतो. तेवढ्यात सुमन जवळ आली आणि माझ्या तोंडाशी नाक नेलं.

"तुमच्या तोंडाला गुलाबाचा वास येतोय."

"औषधाला असेल."

"औषध मारता नाकात, मग वास तोंडाला कसा?" तिनं माझ्या नाकाशी वास घेतला. "इथं काहीच नाय. सगळं घशात चाललंय. मारता कसं ते दाखवा बरं."

मी दाखवलं. मान मागं टाकली, फवारा दाबला आणि जोरात सूं करून ओढलं.

"अहो, तपकीर नाय ती!"

खरंच होतं. मी जवानीत तपकीर ओढायचो. हाताला आणि मानेला तीच सवय. औषध नाकात थांबायला पाहिजे, मी ते एका दमात घशात पोचवत होतो आणि वर म्हणत होतो, गुण नाही. आम्ही पुन्हा डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी शिकवलं. बाटली हलवायची. मान थोडी खाली. उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा, म्हणजे बाटलीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडं होतं. नाकाच्या मधल्या पडद्यावर मारायचं नाही. आणि श्वास घ्यायचा तो फूल हुंगल्यासारखा, हळू. त्या सुमनला म्हणाल्या, "मावशी, माझ्याकडं येणाऱ्यांची चूक मला इतक्या लवकर सापडत नाही." सुमन घरी येईपर्यंत फुलून गेली होती.

आधी शिंका कमी झाल्या. मग कपाळातली पाचर निघाली. मग मी तोंड मिटून झोपायला लागलो. ती म्हणाली, "घोरत नाय म्हणून मला जाग येते, बघावं लागतं हायेत का गेले." दीड महिन्यानं एक दिवस मी दुकानात विचारलं, "उंदीर मेलाय का कुठं?" ती सगळीकडं वास घेत आली आणि माझ्यापाशी थांबली. माझा गळ्यातला पंचा होता तो. इतक्या वर्षांनी पहिला वास आला तो स्वतःच्या घामाचा. देवानं माझी बरोबर जिरवली.

वास रोज येत नव्हता. कधी दोन दिवस यायचा, मग जायचा, पुन्हा यायचा. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मणी बारीक झालेत, फवारा सोडू नका. तेव्हापासून सुमननं संध्याकाळची परीक्षा सुरू केली. फवाऱ्यानं माझ्या शिंका थांबल्या हे गिऱ्हाइकांना कळलं तशा त्याही विचारायला लागल्या. एकीनं तर माझीच बाटली मागितली, "भाऊ, एकदा मारून बघते." मी म्हणालो, "दात घासायचा ब्रश मागतेस का कुणाचा? डॉक्टरला नाक दाखव आधी." मी काही डॉक्टर नाही. माझं नाक असं होतं, तुमचं कसं आहे ते तुम्ही दाखवल्याशिवाय कळणार नाही.

मागच्या हंगामात ती भाजण्याच्या वेळी मुद्दाम पायरीवर जाऊन बसायची, माझ्याकडं पाठ करून. महिनाभर खोकली नाही. मी खोबरं उतरवलं की तिथूनच म्हणायची, "बरोबर." एकदा म्हणाली, "अजून घाई करताय." एवढंच. आणि ह्या हंगामात तिनं जोतीला फोन केला. जोती म्हणाली, "आई, हंगाम सोडून? काय काम काढलंस?"

"काय काम नाय. नुसती राहायला येते."

दहाव्याला पाहुणे मला म्हणाले, शेवटच्या वेळी जवळ नव्हता हो तुम्ही. मी काही बोललो नाही, पण इथं बोलतो. ती जन्मभर माझ्याजवळच होती. जवळच राहावं लागलं, हाच तिचा जाच होता. मला रडू येतं ते सतरा वर्षांसाठी. त्या पाच दिवसांसाठी नाही येत. जोतीनं सांगितलं, आई सकाळी आठ वाजता उठायची, अंगणात बसून चहा प्यायची, नातीला वेण्या घालायला बोलवायची. एक दिवस शेजारणीकडं गेली ती जेवूनच आली. जोती पुढं म्हणाली, "आणि दादा, आईचा तो जुना खोकला हो, पाच दिवसांत एकदाही आला नाही. इकडची हवा मानवली बहुतेक."

मी म्हणालो, हो, मानवली.

तर त्या रिकाम्या मुठीच्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला एसटी स्टँडवर सोडलं. कळवणची गाडी लागलेली होती. तिला खिडकी मिळाली. ती वरून सांगत होती, दूध झाकून ठेवा, मोटरला तेल टाका, मास्क लावा. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा म्हणाली, "निभेल ना?"

"जा तू," मी म्हणालो.

परत आलो तर पायरीवर एक बाई डबे घेऊन बसलेली. पाथर्डी फाट्याची, नेहमीची.

"वहिनी कुठं?"

"लेकीकडं गेली. राहायला."

"मग भाजणार कोण?"

"मीच भाजतो की दर वर्षी."

"ते हाय," ती म्हणाली, पण तिनं सुमनच्या रिकाम्या पाटाकडं बघितलं. मला वाटायचं बायकांना माहीत नाही. त्यांना सगळं माहीत होतं.

मी म्हणालो, "ताई, आजपर्यंत तिच्या नाकानं भाजलं. आज माझ्या नाकानं भाजतो. नको असेल तर माल ने, मला राग नाय."

तिनं डबा मांडीवर घेतला. मग डब्याचं झाकण काढलं आणि खोबरं पुढं सरकवलं.

मी शेगडी पेटवली. खोबरं टाकलं, मास्क खाली केला आणि हलवत राहिलो. निम्मं झालं असेल तेव्हा गल्ल्यावर फोन वाजायला लागला. नाव दिसत होतं, सुमनचंच. बाई म्हणाली, "घ्या की, मी हलवते." मी मान हलवली. कच्चा वास गेला होता, गोड वास यायचा होता, आणि मला तो माझा मला पाहिजे होता. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजायला लागला. मग वास आला. मी कढई उतरवली, खोबरं परातीत पसरलं. बाईनं एक तुकडा तोंडात टाकला आणि तिळाचा डबा उघडायला लागली.

मी फोन घेतला.

"होता कुठं?" मागं गाडीचा आवाज. "वणी आली. दोनदा लावला मी."

"खोबरं उतरवत होतो."

मला वाटलं आता विचारेल, रंग कसा आला, बाई काय म्हणाली. तिनं काहीच विचारलं नाही.

"बरं, मग ठेवते," ती म्हणाली. "वारा लय छान लागतोय इथं."

मी फोन गल्ल्यावर ठेवला आणि तीळ टाकले.